पंक्तीची सेवा आणि आपली सही

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, नहेम्या, अध्याय ३



प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपल्या मंडळ्यांत बहुधा दोनच प्रसंगी उघडला जातो. मंडळीचे नवे कारभारी नेमायचे असले म्हणजे एकदा, आणि स्तेफनाच्या मरणावर उपदेश करायचा असला म्हणजे दुसऱ्यांदा. स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी, हे शब्बाथशाळेतले लहान मूलही सांगते. परंतु रक्तसाक्षी होण्यापूर्वी मंडळीने त्याला कोणत्या कामावर नेमले होते असे विचारले, तर मोठी माणसेही क्षणभर थबकतात. विधवांना रोजचे अन्न नीट पोहोचते की नाही हे पाहणाऱ्या सात जणांपैकी तो एक होता. आजच्या बोलीत सांगायचे तर तो एका समितीचा सभासद होता.

समिती हा शब्द ऐकला की आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागतो, हे आम्ही जाणून आहोत. चहा, बिस्किटे, सह्या आणि पुढच्या सभेची तारीख, एवढीच समितीची आपली ओळख. पण ज्या अध्यायात पवित्र आत्म्याने व सुज्ञपणाने भरलेली माणसे शोधण्यास सांगितले आहे, तो अध्याय पंगतीत कोणाला वाढले गेले आणि कोण वगळले गेले याविषयीचा आहे. एवढ्याशा कामासाठी एवढी मोठी योग्यता प्रेषितांनी का मागितली असेल? या प्रश्नावर आम्ही गेले काही महिने विचार करीत आहोत, आणि त्याचे कारण आमच्या गावची शाळा आहे. ते पुढे सांगतोच.

प्रथम त्या विधवांकडे पाहू. यरुशलेमेच्या मंडळीत दोन बोलीचे लोक होते. इब्री बोलणारे बहुसंख्य. आणि ग्रीक बोलणारे, ज्यांची घरे पिढ्यानपिढ्या बाहेरच्या मुलखात राहून पुन्हा आलेली. देव एक, बाप्तिस्मा एक, भाकर मोडणे एक. तरी वाटणीच्या वेळी ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मागे राहू लागल्या. कोणी मुद्दाम केले असे शास्त्र म्हणत नाही. वाढणाऱ्याला ज्याची भाषा समजते त्याचे ताट त्याला आधी दिसते, एवढेच झाले असावे. कुरकुर सुरू झाली. आणि प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी दटावले नाही, ‘प्रार्थना करा, सहन करा’ असे सांगून घरी पाठविले नाही. त्यांनी सारा समुदाय बोलाविला आणि सात माणसे निवडावयास सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिनास, नीकलाव : ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सर्वांच्या वाटणीचे काम दिले गेले. सर्वांच्या, हा शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. ते सात जण केवळ ग्रीक विधवांचे वकील म्हणून बसले नव्हते.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचा जुना मुलूख भाषेप्रमाणे वाटला गेला, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. रेघ कोठेतरी ओढावी लागतेच; आणि रेघ कोठेही ओढली तरी काही घरे तिच्या अलीकडे राहतात व त्यांचे सोयरे पलीकडे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते, उपासनेत मराठी गीते म्हटली जातात, आणि कचेरीचा कागद कन्नडात येतो. यात कोणावर दोष ठेवावा असे काही नाही. राज्याचा कारभार राज्याच्या भाषेत चालणार. उलट, अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत मिळावे याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या ३५० अ या कलमात त्याच १९५६ साली घातले गेले. आपल्या भागातल्या सरकारी मराठी शाळा या तजविजीत बसतात. या शाळांत आपली मुले शिकतात. आणि या प्रत्येक शाळेला एक समिती आहे.

तिचे नाव शाळा विकास व देखरेख समिती. गावात तिला कोणी इतक्या लांब नावाने ओळखत नाही, एस. डी. एम. सी. म्हणतात. कर्नाटक सरकारने २००१ साली ही पद्धत सुरू केली. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याने सर्व देशात अशा समित्या आवश्यक केल्या : तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल वर्गांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेच्या विकासाची योजना करणे, आलेले अनुदान कोठे खर्च झाले ते पाहणे, ही तिची कामे. दुपारच्या जेवणावर देखरेख हेही तिचेच काम. या कामाला पगार नाही, भत्ता नाही, खुर्चीवर नावाची पाटी नाही. गावच्या रहिवाशाने आपला वेळ द्यायचा, एवढेच. पालक आणि पाळक या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. पण आपल्या मंडळीत पाळकाच्या कामासाठी आपण जितकी प्रार्थना करतो, तितकी पालकाच्या कामासाठी केल्याचे आम्हांला आठवत नाही.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो.

आमची नात आमच्या गावच्या अशाच एका शाळेत शिकते. तिचे आईबाप पोटासाठी हैदराबादेस असतात, म्हणून पालक या नात्याने आमचे नाव समितीवर घातले गेले. मंडळीत ही बातमी कळली तेव्हा लोकांनी हात मिळविले. आम्हीही सुखावलो. पहिल्या वर्षी किती सभांना गेलो असे कोणी विचारील तर उत्तर आहे, एका. बाकीच्या वेळी वरच्या वर्गातला एखादा मुलगा रजिस्टर घेऊन घरी येई. आम्ही ओट्यावर बसलेले असू. तो पान उघडी, सही कोठे करायची ते बोटाने दाखवी, आणि आम्ही सही करीत असू. मुलगा नमस्कार करून जाई. असे तीन वर्षे चालले.

ती नडावळी कन्नडात लिहिलेली असे. आम्ही बाजारापुरते कन्नड बोलतो, बसवरची पाटी वाचतो. पण हाताने घाईत लिहिलेल्या कन्नड ओळी आल्या की आमचे डोळे हार खातात. एके दिवशी रजिस्टर आले तेव्हा शेजारच्या घरची मुलगी, जी बी. एड. करते आहे, काही कामाने आमच्याकडे बसली होती. तिने सहज ते पान मोठ्याने वाचले आणि मग मराठीत सांगितले. अमुक तारखेस सभासद शाळेत जमले. त्यांनी स्वयंपाकघर तपासले. अन्नाची चव घेतली. पाण्याची टाकी दर महिन्यास धुतली जाते याची खात्री करून घेतली. सर्वांनी समाधान व्यक्त केले. खाली सह्यांच्या जागा. मागची पानेही तिने चाळली. तेच शब्द, वेगळ्या तारखा, आणि प्रत्येक पानावर आमची सही. त्यांतल्या एका तारखेला आम्ही उदगीरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. नक्की आठवते, कारण परत येताना बस चुकली होती.

आमची नात रोज घरून बाटलीभर पाणी नेत असे. ती का नेते, हे आम्ही तिला कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. ‘शाळेच्या पाण्याला वास येतो, आजोबा.’ तिला हे आम्हांला सांगावेसे वाटले नव्हते, कारण तिच्या लेखी आजोबांचा आणि शाळेच्या पाण्याचा काही संबंध नव्हता.

आम्ही तावातावाने शाळेत गेलो. कोणावर रागवायचे ते घरीच ठरले होते. मुख्याध्यापकांनी सारे ऐकून घेतले. शाळेत शिक्षक थोडे, रजिस्टरे पुष्कळ, मधूनच निवडणुकीचे काम, मधूनच गणतीचे. त्यांनी एकच वाक्य सांगितले : ‘तुम्ही सभेला येत नाही आणि वरून नडावळी मागतात; मग मी सह्या कोणाच्या घेऊ?’ बंधुभगिनींनो, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही. त्यांनी जे लिहिले ते खोटे होते, हे खरे. पण ज्या खोट्यावर आमची सही नव्हती असे त्या रजिस्टरात एकही पान नव्हते. टाकीचे झाकण उघडून पाहिले. काय दिसले ते लिहीत नाही. ती धुवायला दोन माणसे, अर्धा दिवस आणि ब्लीचिंग पावडर लागली. एवढ्या कामासाठी तीन वर्षे!

आपल्या मंडळ्यांत साक्ष या शब्दाला मोठा मान आहे. साक्षीच्या सभेत आपण उभे राहतो, प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगतो, कित्येकांचे डोळे पाणावतात. आम्हीही अशा साक्षी दिल्या आहेत. पण सही म्हणजे काय? मी तेथे होतो, मी पाहिले, हे असेच आहे, असे आपल्या नावानिशी सांगणे. ही साक्षच आहे. मग आम्ही ओट्यावर बसून तीन वर्षे जे केले, त्याला सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञांपैकी नववी आज्ञा कोणते नाव देते? न्यायासनापुढे उभे राहून शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलणे तेवढीच खोटी साक्ष, असे आपण समजतो आणि स्वतःला मोकळे करतो. येथे शेजारी कोण होता? वासाचे पाणी पिणारी, बाटली नसलेली मुले. त्यांच्याविरुद्ध आम्ही लेखी साक्ष दिली होती की त्यांचे पाणी स्वच्छ आहे. कोणी वरचा अधिकारी चौकशीस आला असता, तर आमची सही दाखवून त्याला परत पाठविता आले असते.

मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद १९:१५) एकाच माणसाच्या शब्दावर गोष्ट ठरवू नये, दोघातिघांच्या साक्षीने ती पक्की व्हावी, असा दंडक आहे. समितीची सारी कल्पना याच्यावरच उभी आहे. सरकारला एकट्या मुख्याध्यापकाचा शब्द पुरेसा वाटत नाही, गावच्या माणसांचाही शब्द हवा असतो. आपण न पाहता सही केली म्हणजे साक्षीदार तीन दिसतात, पण खरे पाहता एकही नसतो.

‘कन्नड समजत नव्हते’ ही सबब आम्ही स्वतःला पुष्कळ दिवस सांगितली. ती टिकत नाही. समजत नव्हते तर वाचून दाखवा म्हणता आले असते. भालकीच्या किंवा आळंदच्या कोणत्याही गावात कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारे दहा जण सापडतील. आता आम्ही तसेच करतो : नडावळी सभेतच मोठ्याने वाचली जाते, कोणीतरी मराठीत सांगते, एका आईला उर्दू सोपे जाते म्हणून तिला शेजारची बाई सांगते, आणि सही करताना आम्ही तिच्याखाली तारीख व ‘मराठीत ऐकले, समजले’ एवढे लिहितो. जे हजर नसतील त्यांनी सही करायची नाही, असेही ठरले आहे. याने सभा लांबते. लांबू द्यावी. आम्ही साठी ओलांडल्यावर नातीच्या पुस्तकातून कन्नड बाराखडी गिरवीत आहोत, आणि ती आमच्या चुका काढते, हा घरचा आनंद वेगळाच.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रेषितांच्या अध्यायाचा विषय तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात सरकारी शाळांतल्या मुलांना शिजवलेले जेवण द्यावे असा हुकूम दिला. कर्नाटकाने २००२ साली ही योजना प्रथम ईशान्येकडच्या मागास जिल्ह्यांत आणली, आणि आपले जिल्हे त्यांत होते. तिला नाव दिले अक्षर दासोह. दासोह हा शब्द याच मातीतला आहे. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वर आणि शरण मंडळी यांनी आपल्या कमाईतून सर्वांना अन्न देण्याला हा शब्द वापरला. मुले मात्र त्याला बिसियूट, म्हणजे गरम जेवण, एवढेच म्हणतात. २०२१ च्या डिसेंबरात या जेवणात अंडे देणे सुरू झाले, तेही प्रथम आपल्याच भागात; कारण मुलांची अंगे सुकलेली, रक्त कमी. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांना केळे. तेव्हा राज्यात पुष्कळ वाद झाला. आम्ही त्या वादात शिरत नाही. समितीवर बसलेल्या माणसाचे काम एवढेच की ज्याला अंडे हवे त्याला अंडे मिळाले का, ज्याला केळे हवे त्याला केळे मिळाले का, आणि दोघांनाही आपण काही वाईट खातो आहोत असे कोणी भासविले नाही ना, हे पाहणे. येथे आम्हांला त्या सात जणांची आठवण होते. इब्री विधवेचे ताटही त्यांनी तितक्याच काळजीने पाहिले असले पाहिजे. नाही तर दुसरी कुरकुर पहिलीहून मोठी झाली असती.

आणि पंगत. मराठी शास्त्रात या सेवेला पंक्तिसेवा असा शब्द आहे, आणि तो आपल्या लोकांना जितका बोचतो तितका इतर कोणाला बोचणार नाही. आपल्या मंडळ्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गावजेवणात आपली पंगत कोठे बसत असे, पाणी किती उंचावरून ओतले जात असे, हे त्यांना वाचून समजलेले नाही; ते त्यांच्या ओंजळीला आठवते. मिशनच्या शाळेतल्या पहिल्या पंगतीची गोष्ट आमच्या आजी सांगत, तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. आजही देशात कोठेतरी स्वयंपाकीण कोणत्या जातीची हे पाहून मुलांना जेवू न देणारे पालक निघतात, अशा बातम्या येतात. ज्या लोकांच्या आजीने ही पंगत भोगली, त्यांनी शाळेच्या ओसरीत जाऊन कोणते मूल कोठे बसले आहे हे पाहावयाचे नाही, तर कोणी पाहायचे? आम्ही पाहिले. आमच्या शाळेत सारी एका रांगेत बसतात. पण एक लहान मूल रोज रांगेच्या टोकाला बसे आणि त्याच्यापर्यंत येईतो भाजी सरलेली असे. यात जात नव्हती, खोडी नव्हती. तो हळू चालत असे, एवढेच. कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आता वाढण्याची सुरुवात दिवसाआड दुसऱ्या टोकाकडून होते. हा ठराव आमच्या समितीने एकमताने केला, आणि तो कन्नडात कसा लिहावा यावर पंधरा मिनिटे गेली.

एका मोहाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आमचे नाव समितीवर आले तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आमच्या कानात सांगितले, ‘आता पंचायतीत ओळख होईल, आपल्या कबरस्तानाच्या भिंतीचे तेवढे पाहा.’ आम्ही मान हलविली. भिंत हवी आहे, हे खरे, गुरे शिरतात. ती मागायला ग्रामसभा आहे, अर्ज आहे, उघड मार्ग आहे. पण मुलांच्या पाण्यासाठी दिलेली खुर्ची वापरून आपल्या लोकांचे काम काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. नहेम्या अधिपती असताना अधिपतीच्या हक्काचे अन्न बारा वर्षे खाल्ले नाही, असे पाचव्या अध्यायात आहे. लोकांवरचा भार त्याला दिसत होता. हक्काचे सोडणारा तो, आणि बिनहक्काचे मागणारे आपण. त्या वडीलधाऱ्यांना आम्ही पुढे हे बोलून दाखविले. त्यांना फारसे पटले नाही.

नहेम्याचाच तिसरा अध्याय आपण वाचताना वगळतो, कारण त्यात नावांची यादी आहे. अमक्याने हा दरवाजा, तमक्याने तो बुरूज, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. गवंडी असा कोणी फारसा दिसत नाही! शल्लूमाने आपल्या मुलींसह काम केले, हेही लिहून ठेवले आहे. तकोवकरांच्या सरदारांनी मान वाकविली नाही; पण साध्या तकोवकरांनी आपला भाग पुरा करून आणखी एक भाग बांधला. आम्हांला आता हा अध्याय कंटाळवाणा वाटत नाही. ती एक खरी नडावळी आहे. जो आला त्याचे नाव आहे, जो आला नाही त्याचेही आहे.

शल्लूमाच्या मुलींवरून आठवले. कायद्याने समितीत निम्म्या स्त्रिया आहेत. सभेत मात्र पुष्कळदा त्यांचे यजमान येतात आणि बायकोच्या नावापुढे सही करतात. यात आपली ख्रिस्ती घरेही मागे नाहीत. अशा बंधूंनी पंडिता रमाबाईंचे स्मरण करावे. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे १८८२ साली पुण्यास त्या उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तो पुढल्या वर्षी इंग्लंडात झाला. वय चोविशीचे, पती त्याच वर्षी वारलेले, पदरी लहान मुलगी. त्यांनी मुलींच्या शिक्षणाविषयी सांगितले, स्त्रीशिक्षिका तयार कराव्यात म्हणून सांगितले, आणि स्त्रियांच्या उपचारासाठी स्त्रीडॉक्टर हव्यात हेही सांगितले. या बोलण्याला त्या वेळच्या मराठीत साक्ष देणे असेच म्हणत. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या गंगामूळचा, हे आपल्या सीमेवरच्या वाचकांना सांगण्यात आम्हांला थोडा अभिमान वाटतो. कमिशनपुढे त्यांच्या हाती अधिकार काहीच नव्हता. पाहिलेले खरे सांगण्याचा हक्क होता, तो त्यांनी पुरता वापरला.

अधिकार नाही, ही तक्रार आपल्या समित्यांतही नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. सरकारी शाळेच्या समितीला निदान योजना करता येते, खर्च पाहता येतो. पण अल्पसंख्याकांच्या आणि अनुदानित शाळांत समितीने केवळ सल्ला द्यावा, असा बदल २०१२ साली कायद्यात झाला. म्हणजे मंडळीच्या स्वतःच्या शाळांत पालकांनी फक्त सल्ला द्यायचा आणि ऐकायचे की नाही हे आपल्या व्यवस्थापकांनी ठरवायचे. सरकारदरबारी आपले ऐकत नाहीत म्हणून आपण कुरकुर करतो. मंडळीच्या शाळेत आपण वरच्या खुर्चीवर असतो तेव्हा आपल्या कानांचे काय होते? आमच्या पाहण्यात असे व्यवस्थापक आहेत जे पालकांचे पत्र वाचून त्याच आठवड्यात उत्तर देतात. दुसऱ्या प्रकारचेही पाहिले आहेत. पंक्तिसेवेसाठी नेमलेले प्रेषितांच्या अध्यायातले सात जण कोणत्या कचेरीने नव्हे, मंडळीने निवडले होते. म्हणून आपल्या घरापासून आरंभ झाला तर बरे.

शहरातल्या वाचकांना ही खेड्याची गोष्ट वाटेल. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनेत १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने लिहिले आहे, आणि कलबुर्गी हे तसे शहर आहे. गावोगावी ग्रामसभा आहे, आरोग्य केंद्रांनाही समित्या आहेत. आपल्या वॉर्डात अशी समिती बसते का, तीवर कोण आहे, हे एकदा जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांजवळ आमची एक वेगळीच विनंती आहे. ही मुले सहा दिवस सरकारी शाळेत जातात आणि सातव्या दिवशी आपल्यापुढे बसतात. स्तेफनाचा धडा शिकविताना चित्रातल्या दगडांपाशी घाई करू नये. आधी वाटणी शिकवावी. मग मुलांना विचारावे : तुमच्या शाळेत शुक्रवारी काय वाढले? सर्वांना पुरले का? पाणी कोठले पिता? मुले खरे सांगतात, कारण त्यांना अजून सही करता येत नाही. त्यांनी सांगितलेले ऐकून घ्यावे आणि त्या गावच्या समितीवर आपल्या मंडळीतले जे कोणी असेल त्याच्या कानावर घालावे. आमच्या नातीच्या शिक्षिकेने हे आधी केले असते तर आमची तीन वर्षे वाचली असती. पण यात शिक्षिकेचा दोष नाही. आम्ही त्याच घरात राहत होतो.

आमच्या समितीची बैठक आता नेमाने होते. निम्मे सभासद येतात, कधी निम्म्याहून कमी. टाकी धुतली जाते. झाकणावर आतून खडूने तारीख लिहिण्याची युक्ती एका आईने काढली. मराठीच्या एका शिक्षकाची जागा मात्र रिकामीच आहे. आम्ही तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे दोनदा अर्ज दिला, कन्नडात एक प्रत आणि मराठीत एक. पोच मिळाली, उत्तर आलेले नाही. तिसरा अर्ज पुढल्या सभेत वाचून दाखविला जाईल. सभा शनिवारी सकाळी शाळेच्या ओसरीत आहे, आणि त्या दिवशी उदगीरला पुन्हा एक लग्न आहे. आम्ही आहेर आधीच पाठवून दिला आहे.